कुंपणाची उंची

प्रिय बगळ्या,

या नावाने हाक मारणारं तुला आता कुणी उरलं नसेल, म्हणून मीच मारते. सकाळपासून हे पत्र लिहितेय. दोन ओळी झाल्या की उठते, गॅस बंद केलाय का बघते, वाळत टाकलेल्या कपड्यांना उगाच हात लावून येते आणि पुन्हा बसते. जेवणाचं अर्धं टेबल एका नकाशाने अडवलंय, उरलेल्या अर्ध्यात मी आणि हे पत्र. घाबरू नकोस, मला माझ्यासाठी काही मागायचं नाही. जुनं उकरायलाही बसलेली नाही, तरी लिहिताना थोडी माती वर येईलच.

माझी खुशाली आधी सांगते. माझे यजमान जाऊन काही वर्षं झाली. भला माणूस होता, मला त्याने कधी कमी-जास्त बोलून दाखवलं नाही. मुलगा लांब असतो, रविवारी फोन करतो आणि पहिला प्रश्न गुडघ्यांबद्दल विचारतो. घर खायला उठायचं. म्हणून मी लँडस्केप डिझाइनच्या वर्गात नाव घातलं. हसू नकोस. वर्गात सगळी पोरं-पोरी, आणि म्हातारे आम्ही दोघंच, मी आणि बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. त्यांना सगळे मॅनेजरसाहेब म्हणतात. रेघ मारली की खाली सही करतात, इतकी वर्षांची सवय. आमचे सर माझ्या मुलापेक्षाही लहान. पहिल्याच दिवशी म्हणाले, "रोपांची नावं विसरा. आधी जागा, मग माणूस, मग पेन्सिल." मी पर्समध्ये फुलझाडांची भलीमोठी यादी घेऊन गेले होते. पर्सची चेन हळूच लावून टाकली.

सर पुस्तकातून शिकवत नाहीत. प्रत्येक जोडीला एकेक खरं घर, खरं अंगण आणि खरा मालक देतात. मोजमापं घ्यायची, मालकाचं ऐकायचं, आराखडा काढायचा, तो मालकापुढे मांडायचा, आणि त्याने होकार दिला की फावडं घेऊन कामाला लागायचं. मॅनेजरसाहेबांना आणि मला मिळालं एका कोपऱ्यावरचं घर. दार उघडलं ते चाकांच्या खुर्चीवर बसलेल्या एका बाईने. गोल चेहरा, केस आखूड कापलेले, कपाळावर चष्मा. "या, या. चहा तुम्हालाच करावा लागेल, मी फक्त हुकूम सोडते," म्हणाली. मणक्याच्या ऑपरेशननंतर तिच्या पायांत बळ आलंच नव्हतं. मी चहाला आत गेले आणि फ्रीजशेजारच्या फोटोत तू दिसलास. डोक्यावरचे केस गेलेत, पोट आलंय, पण एक पाय दुमडून भिंतीला टेकायची ती बगळ्याची तऱ्हा दुसऱ्या कुणाची असणार? चहात साखर घातली की नाही, मला आठवेना. दुसऱ्यांदा घातली. मॅनेजरसाहेब म्हणाले, "ताई, हा चहा आहे की पाक?"

लग्नानंतरचं माझं आडनाव तिला काय माहीत असणार? मी कोण, ते मीही सांगितलं नाही. तू आठवडाभर कामाच्या गावी असतोस आणि शनिवार-रविवारी येतोस, हे तिनेच सांगितलं, आणि आमच्या फेऱ्या होत्या मधल्या वारांना. दर वेळी ठरवायचे, सरांकडे दुसरं घर मागून घ्यायचं. दर वेळी ती दारातच म्हणायची, "आज उशीर केलात, मी केव्हाची वाट बघतेय." झालं. पुन्हा टेप काढायची.

आम्ही अंगण मोजलं. पारदर्शक नळीत पाणी भरून एक टोक मॅनेजरसाहेबांनी धरलं, एक मी, आणि उतार कुठून कुठे जातो ते काढलं. ऊन कुठवर येतं त्याच्या खुणा खडूने केल्या. या सगळ्यात ती खिडकीत बसून आम्हाला सूचना द्यायची, बहुतेक चुकीच्या, आणि स्वतःच हसायची. मग मालकाशी बोलायचा दिवस आला. त्या दिवशी डिझायनरने तोंड बंद ठेवायचं असा सरांचा दंडक. मॅनेजरसाहेबांनी एवढंच विचारलं, कुठली फुलं आवडतात? ती म्हणाली, "फुलं नकोत मला. माणसं हवीत. मला भाजीवाल्याशी भांडायचंय. शाळा सुटली की पोरं कशी धावतात ते बघायचंय. समोरची सून रोज नवे कपडे घालते म्हणतात, खरं की खोटं मला कळायला नको?" आणि खिडकीबाहेर बोट दाखवलं. बाहेर तुझं कुंपण. माणसापेक्षा उंच, हिरवंगार, एक पान इकडचं तिकडे नाही.

तिने तिथल्या तिथे तुला फोन लावला, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा. तू म्हणालास, "बाकी काय हवं ते करा. कुंपणाला हात लावायचा नाही." इतक्या वर्षांनी तुझा आवाज कानावर पडला आणि तो नाही म्हणत होता. फोन ठेवून ती आम्हाला समजावायला लागली, जणू चूक तिचीच. "माझं हे असं झाल्यापासून ते फार जपतात हो मला. लोकांनी टकामका बघू नये म्हणून. पण मी म्हणते, बघू दे की चार लोकांना. इतकी वर्षं दिसले, आता काय झालं?"

मी घरी येऊन पहिला आराखडा काढला. एका बैठकीत, न खाता-पिता. हात आपोआप चालत होता आणि मला वाटलं, हीच ती प्रतिभा, कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या ती! वळत जाणारी खडीची वाट, मावळतीकडे तोंड केलेला दगडी बाक, पाखरांसाठी पाण्याचं भांडं, आणि भोवती उंच कुंपण तसंच. तिने कागद मांडीवर घेतला, चष्मा खाली ओढला आणि म्हणाली, "अगं बाई! हे तर आमच्या ह्यांच्या मनातलं चित्र. लग्न झाल्यापासून ऐकतेय मी, वळणाची वाट आणि मावळतीचा बाक. तुम्हाला फोनबिन केला होता की काय त्यांनी?" मॅनेजरसाहेब खूश झाले, "आमच्या ताई मनकवड्या आहेत!" मी टोक असलेल्या पेन्सिलीलाच पुन्हा टोक काढायला घेतलं. मग ती कागद उलटसुलट करत साधेपणाने म्हणाली, "छान आहे. पण ह्यात मी कुठे बसलेय?"

कुठेच नव्हती. खडीत तिची चाकं रुतली असती. बाक तिच्या काय कामाचा, ती तर स्वतःची खुर्ची घेऊनच फिरते. मी तिच्या अंगणात तुझं घर काढून ठेवलं होतं. कॉलेजच्या वाचनालयाच्या पायऱ्यांवर बसून आपण रचायचो ते. आठवतं ना, पायऱ्यांवरून येणारा-जाणारा आपल्याकडे बघायचा, आणि तू म्हणायचास की आपल्या घराला असं कुंपण करू की आभाळाशिवाय कुणाला आत डोकावता येणार नाही. तेव्हा आपल्याला लपायला जागा हवी होती. पुढे दोन्ही घरांनी मिळून आपलं लग्न होऊ द्यायचं नाही असं ठरवलं. पण कुंपण तू लावलंसच. वाढवलंस, निगुतीने कापलंस. आता त्याच्या आत ती बसलीय, जिला कुणापासून लपायचंच नाही.

तो कागद मी फाडला. सर एवढंच म्हणाले, "तिच्या खुर्चीत बसून बघितलंत का?" नव्हतं बघितलं. आम्ही सगळी मापं उभ्याने घेतली होती. दुसऱ्या दिवशी तिला पलंगावर बसवून मी तिच्या खुर्चीत बसले. बगळ्या, पानं. नुसती पानं. मग मॅनेजरसाहेब काठीला लाल पंचा बांधून रस्त्यावर गेले आणि कुंपणापलीकडून ओरडायला लागले, "दिसतंय का?" तिला पुन्हा खुर्चीत बसवलं होतं, ती आतून ओरडायची, "नाही! अजून वर!" ते बिचारे टाचा उंचावून, मग कुणाच्या तरी पायरीवर चढून. शेवटी पंच्याचं टोक दिसलं तेव्हा तिने टाळ्या वाजवल्या. रस्त्यावर शाळेची पोरं जमली होती, तीही टाळ्या वाजवायला लागली. ती पोरं तिला दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती. कान देऊन बसली होती ती.

नवा आराखडा साधा आहे. तिच्या खिडकीसमोर, खिडकीच्याच रुंदीइतकं कुंपण कमरेखाली उतरवायचं. बाकीचं तुझं आहे तसं राहील. दारापासून फाटकापर्यंत रुंद, सपाट, घट्ट वाट, तिला एकटीला जाता येईल अशी. फाटकापाशी सावलीत खुर्ची वळेल एवढी जागा. बस्स. वाकडी वाट नाही, बाक नाही, पाखरांचं भांडं नाही. बघून ती म्हणाली, "आता दिसले मी." मग आवाज खाली आणून, "पण हे ऐकतील का हो?"

या शनिवारी सगळा वर्ग तुमच्या घरी येणार आहे, आराखडा मांडायला, आणि होकार द्यायला तू असशील. ज्याने काढलं त्यानेच मांडायचं हा सरांचा नियम, तेव्हा मला यावं लागेल. चेहरा तू कदाचित ओळखणार नाहीस, फार बदललाय. पण नकाशावरचं सगळं सर हातानेच लिहायला लावतात, आणि सिस्टरांनी पट्टी मारून मारून वळण लावलेलं हे अक्षर बदललेलं नाही. आत्ताही पाकीट हातात घेतलंस तेव्हाच तुला कळलं असणार. तसंच तिच्यासमोर झालं असतं. तुझ्या चेहऱ्याने आजवर काही लपवलेलं मला आठवत नाही. तू दचकला असतास, तिने तुझ्याकडे पाहिलं असतं, मग माझ्याकडे, आणि त्यानंतर तो कागद तिचा राहिला नसता, आपला झाला असता. मग हो म्हणालास तरी ते माझ्यासाठी आणि नाही म्हणालास तरी माझ्यामुळेच, असं तिला जन्मभर वाटत राहिलं असतं. म्हणून हे पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतेय. तिला काय सांगायचं, कधी सांगायचं, सांगायचं की नाही, ते तुझं तू ठरव. पण दचकायचं तेवढं आत्ताच दचकून घे, तिथे एकटा असताना. शनिवारी तू फक्त कुंपणाकडे बघावंस, एवढंच.

एके काळची तुझीच,
भिंगरी