क्लच नसलेला ट्रॅक्टर आणि चर्चचं पटांगण

३ नोव्हेंबर, सकाळी
शेजारच्या लेलँड प्रूटनं नवा ट्रॅक्टर घेतला. हायड्रोस्टॅटिक. क्लच नाही, गियर नाही. पेडलवर पंजा दाबला की पुढे, टाच दाबली की मागे. यापेक्षा शिवणयंत्र अवघड. मला काडीचा हेवा वाटत नाही. खिडकीतून चारदा पाहिला, तो रंग नीट कळेना म्हणून.

७ नोव्हेंबर
आमचाही ट्रॅक्टर म्हातारा झालाय. ठरलं, नवा घ्यायचा तो गियरचाच. दणकट, स्वस्त, मेपलच्या रसाची टाकी चढावर मुकाट ओढणारा. हायड्रोस्टॅटिकची जमेची बाजू एकच, ती म्हणजे तो लेलँडकडे आहे. बायकोला वाचून दाखवलं. मार्नी म्हणाली, बर्फ काढताना तू सारखा पुढे-मागे करतोस, क्लच दाबून गुडघा धरतो, मग कण्हतोस आणि झोप माझी जाते. बायकांना यंत्रातलं कळत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार
पहिला मोठा बर्फ. चर्चचं पटांगण गेली कित्येक वर्षं मीच साफ करतो. प्रार्थनेनंतर पाद्रीबाई नाव घेऊन आभार मानतात. गावात माझी तेवढीच काय ती पत. आज पोचलो तर पटांगण लख्ख. लेलँड एका हातानं ट्रॅक्टर चालवत, दुसऱ्या हातानं कॉफी पीत होता. वर मलाच म्हणाला, "काय ऑरिन, झोप झाली का?" आभार त्याचे मानले.

१८ नोव्हेंबर
निर्णय बदलला. हायड्रोस्टॅटिकच घेणार, लेलँडच्यापेक्षा मोठा. निव्वळ गुडघ्यासाठी.

२० नोव्हेंबर
डीलरकडे चालवून पाहिला. थांबायला गेलो, डावा पाय क्लच शोधू लागला. क्लच कुठला सापडायला? घाबरून उजवी टाच रोवली आणि ट्रॅक्टर सुसाट मागे. मागे ख्रिसमसची झाडं विकायला मांडली होती. डीलर म्हणाला, जुने गियरवाले सगळे असंच करतात. कुत्सित माणूस.
घरी आता सात झाडं आहेत. मार्नीला सांगितलं, सवलत होती. असली यंत्रं धोकादायक. गियर तो गियरच.

२९ नोव्हेंबर
मार्नी हल्ली रोज दुपारी लेलँडकडे जाते. विचारलं तर म्हणाली, शिकतेय. काय ते मी विचारलं नाही. संशय घेणं माझ्या स्वभावात नाही. लेलँड विधुर आहे. दात अजून स्वतःचे आहेत. पाहून आलो.

७ डिसेंबर, रविवार, दुपारी
रात्रभर बर्फ. लेलँडच्या आधी पोचायचंच म्हणून अंधारात निघालो. चर्चच्या चढावर गियर बदलायला थांबलो आणि तिथेच रुतलो. चाकं जागच्या जागी फिरत राहिली. तेवढ्यात मागून दिवे आले. नवाकोरा हायड्रोस्टॅटिक, वर मार्नी. स्वतःच्या पेन्शनमधून घेतलाय, कालच आला, लेलँडच्या गोठ्यात ठेवला होता म्हणे. मला साखळी लावली आणि म्हणाली, "आता पाय कशालाही लावू नकोस. नुसता बसून राहा."
मला बाजूला काढून तिनं अख्खं पटांगण साफ केलं. पाद्रीबाईंनी आभार मानायला सुरुवात केली तसा मी सवयीनं उभा राहिलो. नाव मार्नीचं घेतलं. तिनंच कोट ओढून मला खाली बसवलं.
जेवताना सहज म्हणून विचारलं, पुढच्या रविवारी तुझा ट्रॅक्टर मी नेऊ का. तिनं थोडा विचार केला. म्हणाली, "लेलँडनं पास केलं तर."
उद्या तीनला बोलावलंय त्यानं.