माझ्या छातीतली लेकरं

४ ऑगस्ट, रविवार

सकाळी पुण्याहून सोलापूरला उतरले आणि दुपारपर्यंत सामान लावूनसुद्धा झालं. शुक्रवार पेठेतली दुसऱ्या मजल्यावरची खोली. खिडकी उघडली की समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी दिसतात. घरमालकीणबाईंनी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही वर पाठवलं आणि भाकरी चुरून कशी खायची ते जिन्यातूनच ओरडून सांगितलं. प्रवासातल्या धुळीनं नाक थोडं वाहतंय, पण मन खुशीत आहे. उद्यापासून माझी पहिली खरी नोकरी. आईला फोनवर सांगितलं, तुझी सोनाली आता लहान मुलांच्या हॉस्पिटलात संशोधक.

६ ऑगस्ट, मंगळवार

काम मला मनापासून आवडलं. खोकला-तापाच्या लेकरांच्या नाकात कापसाची काडी फिरवायची आणि काडीवर जो विषाणू येईल त्याची जनुकीय अक्षरं यंत्रावर वाचायची. एका लेकरातून दुसऱ्यात जाताना त्यातलं एखादं अक्षर बदलतं. हे बदल जुळवत गेलं की विषाणूची वंशावळ मांडता येते, कुणाचा आजार कुणाकडून आला ते कळतं. आमचे प्रमुख डॉ. अनिलकुमार म्हणाले की बरी व्हायला लागलेली बाळं इथेच पुन्हा आजारी पडतात, आणि ते कुठून येतं हे त्यांना शोधायचंय.

वॉर्डात निंगव्वा मावशी आहेत. अक्कलकोटकडच्या. बाळांना पुसतात, निजवतात, मी काडी घालताना डोकं धरून ठेवतात आणि कानडीत काहीतरी गुणगुणतात. मास्क बघितला की लेकरं किंचाळतात, म्हणून मी तो खाली ओढून वेडीवाकडी तोंडं करते. लगेच हसतात. माझ्याकडे लेकरं रडत नाहीत, असं मावशींनी सगळ्या वॉर्डाला सांगितलं. मला फार बरं वाटलं.

१३ ऑगस्ट

मोडनिंबचा शिवराज आज फ्लूमधून उठला. अजून वर्षाचाही नाही. त्याची आई सोनाबाई सांगत होती की आता दूध ओढतोय, दोन दिवसांत घरी नेणार. मी नमुना घेतला तेव्हा त्यानं माझं नाक धरलं आणि सोडेचना. सोनाबाई, निंगव्वा मावशी आणि मी, तिघी हसलो.

माझी सर्दी गेली. गोळीसुद्धा लागली नाही.

२० ऑगस्ट

शिवराज घरी गेला नाही. परवा ताप आला, आज पोट उडतंय. श्वास सोडताना शेवटी बारीक शीळ वाजते, पितळी पिपाणीसारखी. नर्सनं घेतलेला नमुना वाचला तर फ्लू नाहीच, वेगळा विषाणू. मोठ्या माणसाला नुसती सर्दी होते, तान्ह्यांना मात्र धाप लागते. शेजारच्या दोन खाटांवरच्या मुलांतही तोच निघाला, अक्षराला अक्षर जवळजवळ सारखा. शिवराजच्या विषाणूत एकच अक्षर वेगळं आहे, त्याच्यातच बदललेलं.

म्हणजे हा घरून आलेला नाही, वॉर्डात लागलाय. डॉक्टरांनी पाठ थोपटली. मला आनंद झाला. लिहायला नको वाटतं, पण झाला.

२३ ऑगस्ट

शिवराज गेला. सोनाबाईंनी मला विचारलं, त्याच्या नाकातून जे काढून न्हेलं त्यात काय निघालं. मी म्हणाले, वाचन चालू आहे.

२६ ऑगस्ट

डॉक्टरांनी वॉर्डात येणाऱ्या प्रत्येकाचा नमुना घ्यायला सांगितलंय. नर्स, मावशी, ते स्वतः, मी. यंत्र मीच लावलं.

२८ ऑगस्ट

इतरांच्या नाकात काही नाही. डॉक्टरांत नाही, निंगव्वा मावशींत नाही. माझ्यात आहे.

पुन्हा लावून बघितलं. मी नवी आले तेव्हाचा माझाच एक नमुना फ्रीजमध्ये होता, यंत्राचा सराव करायला घेतलेला. तोही वाचला. वंशावळीच्या बुंध्याशी तो आहे आणि सगळी लेकरं त्याच्या फांद्यांवर. धुळीची सर्दी नव्हती ती. मास्क खाली ओढून मी ज्यांना हसवलं—

डॉक्टर काचेतून हातानं विचारत होते, झालं का? मी एक मिनिट अशी खूण केली. मग माझ्या नळीवरची नावाची पट्टी काढून मावशींच्या नळीवर लावली आणि त्यांची माझ्या, यादीतही तसंच लिहिलं. एकही पट्टी वाकडी लागली नाही. याचीच जास्त लाज वाटते.

३० ऑगस्ट

निंगव्वा मावशींना घरी पाठवलं. डॉक्टर मऊ आवाजात बोलले, यात तुमचा दोष नाही म्हणाले. पण भिंतींना कान असतात. जाताना जिन्यात कुठल्याशा लेकराचा बाप त्यांच्या पायापुढे थुंकला. त्या माझ्यापाशी आल्या, चांगल्या चार हात लांब उभ्या राहिल्या.

"म्याडम, शिवराज माज्याच मांडीवर झोपायचा की. मीच दिलं व्हय त्याला?"

मी मान खाली घातली. त्यांना तेच उत्तर वाटलं.

८ सप्टेंबर

काही दिवस प्रयोगशाळेबाहेर पडले नाही. पण माणसं कमी आहेत, नमुने घ्यायला मलाच पाठवलं. दोन मास्क लावून गेले. तरी आज महेश्वरी नावाच्या मुलीला धाप लागली. ती अतिसारासाठी आली होती. तोच विषाणू. मावशी तर कधीच गेल्यात. डॉक्टर म्हणाले, फरशीवर, दारांच्या कड्यांवर राहिला असेल. मी हो म्हणाले.

घरी येऊन स्वतःचा नमुना घेतला.

१० सप्टेंबर

अजून आहे माझ्यात. इतके दिवस राहत नसतो तो. आणि त्यात शिवराजचं अक्षर आहे. त्याच्यात बदललेलं, त्याच्याबरोबर संपलेलं. तो आजारी पडल्यावर मी त्याच्याजवळ गेलेसुद्धा नव्हते. माझ्यातून त्याच्यात गेलं हे समजतं. उलट कसं येईल? गेलेल्या लेकराकडून?

१४ सप्टेंबर

शीळ ऐकू येते. पितळी पिपाणीसारखी. श्वास सोडताना, माझ्याच छातीत.

डॉक्टरांना म्हटलं तपासा. त्यांनी नळी लावून ऐकलं, छाती स्वच्छ आहे म्हणाले. दमलीस तू, दोन दिवस घरी जाऊन ये. त्यांच्या कानाला नळी होती तेव्हाही ती वाजत होती.

तेव्हा सांगता आलं असतं. तोंड उघडलं होतं. सांगितलं नाही.

१९ सप्टेंबर

आता दोन आवाज. शीळ, आणि महेश्वरीचा कुत्र्याच्या पिल्लाच्या भुंकण्यासारखा खोकला. महेश्वरी वाचली, घरी गेली. खोकला माझ्याकडे ठेवून गेली.

२२ सप्टेंबर

तिसरा. कुणाचाच ओळखीचा नाही. उचकीसारखा, तुटक तुटक. वॉर्डात असं कुणी खोकत नाही. सगळ्या खाटांपाशी उभं राहून ऐकलं—

२४ सप्टेंबर

आज खोकतंय. कोपऱ्यातल्या खाटेवरचा मुलगा. उचकीसारखा, तुटक तुटक. माझ्यात आधी आला, मग त्याच्यात.

परवा लेकरांच्या खाटांपाशी मी कशाला गेले? ऐकायला. फक्त ऐकायला गेले होते.

२५ सप्टेंबर

आजारी आहे असं कळवलं. दार लावून घेतलंय. घरमालकीणबाईंना म्हटलं, ताट पायरीवर ठेवा, तुमच्या लेकरांना वर पाठवू नका. त्यांनी विचारलं, काय झालंय? सर्दी, म्हणाले.

छातीत तिघं. आळीपाळीनं.

२९ सप्टेंबर

एकच बाई आहे जिला आधी सांगायला हवं. मग डॉक्टरांना. उद्या अक्कलकोटकडे जाते. एसटीत खिडकीशी बसेन, तोंड बाहेर करून.

३० सप्टेंबर

मावशींच्या घरी आहे. अंगणात. त्या गोठ्यात राहतात, वेगळं ताट, वेगळा तांब्या. सुनेनं काढलं नाही, आपणच गेल्या. सून माहेराहून दोन महिन्यांचा नातू घेऊन आलीय, नंदीश. अजून हातात घेतला नाही त्यांनी. "माजा वारा लागू न्हाई म्हून, म्याडम. लांबनं बघते की."

मी रडले. नाक-डोळे पुसायला मास्क काढला. म्हटलं, मावशी, तुमच्यात काही नव्हतंच. तपासणीत चूक झाली.

"कुणाची चूक?"

सगळं तयार होतं. रात्रभर घोकलं होतं. आणि मी म्हणाले— यंत्राची.

यंत्राची म्हणाले.

त्या पळत घरात गेल्या. नंदीशला घेऊन आल्या, मुके घेतले, त्याच्या पोटात तोंड खुपसून कानडीत काय काय बोलल्या. मग म्हणाल्या, "तुमी माजी सुटका केली बाई. तुमी घ्या त्याला, बसा," आणि माझ्या मांडीवर ठेवून चहा टाकायला आत गेल्या.

मांडीवर आहे. गरम आहे, जड आहे. तोंडानं सांगता येत नाही म्हणून एका हातानं लिहितेय. लिहून झालं की हेच त्यांना वाचून दाखवीन— आत्ता, त्या बाहेर आल्या की—

तिघंही गप्प झालेत. पहिल्यांदाच. छाती एकदम मोकळी—

नाही. चौथा. बारीक. मांजराच्या पिल्लासारखा. नवा आहे—

नंदीश वर बघतोय. हसतोय. मावशी कपबश्या घेऊन उंबऱ्यात. याला घ्या, मावशी, माझ्याकडून आधी याला घ्या, म्हणायला तोंड उघडलं आणि खोक