मागून गळणारं तेल

५ जानेवारी १९४६
सेनगावची फेरी करून आलो. गाडी उभी केली तर खाली पुन्हा काळं डबकं. तेल मोजायचा गज काढून पाहिला, टोकाला ओलं लागलंय तेवढंच. सकाळीच भरलं होतं. कंबर धरून बसलो.
दत्तू म्हणाला, "दाजी, इकून टाकू आता. थकली ही." सौ.चा धाकटा भाऊ, व्हॅनमध्ये माझा भागीदार. म्हटलं, थकलो तर मीपण आहे. हसला नाही.
याच गाडीनं लेक यमूला सासरहून, साखऱ्याहून आणायचंय. दिवस भरत आले पोरीचे.

८ जाने.
इंजनाखालच्या तेलाच्या चेंबरची पॅकिंग गेली असं दत्तूचं नि माझंही मत. नवी कुठंच नाही. लढाई संपली म्हणतात, दुकानं अजून रिकामीच. जाड पुठ्ठा तेलात भिजवून चेंबरच्या मापानं कापला. दिवसभर गाडीखाली उताणा. डोळ्यांत माती, कोपरापर्यंत तेल. बोल्ट दत्तूनं आवळले.

१० जाने.
गळतंच आहे. उलट जास्त.
दत्तूला बोललो, इतकं आवळलंस की चेंबरचा काठ वाकला असेल. त्यानं पाना तिथंच टाकला नि निघून गेला. बोलायला नको होतं.
सौ. जेवताना म्हणाली, "खांद्यावर आणा पाहिजे तर. पण बैलगाडीत बसवू नका माझ्या पोरीला."
मागल्या खेपेला आठव्यात असताना विहीणबाईंनी तिला बैलगाडीनं एका लग्नाला नेलं. वाटेतच पोटात दुखायला लागलं. लेकरू हाती आलं नाही. तेव्हापासून घरात बैलगाडीचं नाव काढायची सोय नाही.

१३ जाने.
अंदाजानं खोलणं बंद. इंजन घासलेटनं धुऊन कोरडं पुसलं, सगळ्या अंगाला चुन्याची भुकटी फासली. मग चालू करून बसलो. चेंबर सगळं पांढरंच राहिलं. ओघळ आला तो पार मागून, इंजन नि क्लच जुळतात तिथून.
म्हणजे पुठ्ठ्याची सगळी मेहनत फुकट.
दत्तू आपणहून आला. वाकून पाहिलं. "मागचं सील, दाजी. इंजन उतरवावं लागते." उतरवलं की नवं सील मिळेस्तोवर गाडी महिनाभर तरी उभी. तोवर यमूचं काय? चहा झाला. भांडण मिटलं म्हणायचं.

१४ जाने. संक्रांत
हात बरबटलेले, सौ.नं तीळगूळ तोंडातच घातला.
इंजन चालू असताना तेल ओतायच्या तोंडाचं टोपण सहज उघडलं, तर भसकन धूर अंगावर. आणि मागचा ओघळ मंदावला! टोपण लावलं, पुन्हा ओघळ. काढलं, कमी.
टोपणाच्या आतली जाळी पाहिली. गच्च. सगळा हंगाम जिनिंगचा कापूस वाहिला, त्याची तुसं नि तेल मिळून घोंगडीसारखा घट्ट थर. इंजनाला श्वास सोडायला जागाच नव्हती, म्हणून आतली वाफ तेलाला मागून रेटत होती. जाळी घासलेटात भिजत घातली.
दत्तू म्हणाला, "मंग सील बराबर आहे म्हणता?"
"बराबर नाही रे. म्हातारं झालंय. पण साखऱ्याला जाऊन येईल."
बोललो खरं.

१७ जाने.
साखरा. मागं गादी टाकली, तेलाचा डबा जवळ ठेवला. सेनगावच्या पुढं रस्ता कसला, चाकोऱ्याच.
विहीणबाई गाडीभोवती फिरून आल्या. "पाव्हणं, ह्या डब्यात बसवून नेता व्हय माझ्या सुनेला? वाटंत बंद पडली त?"
"पडली तर मी ढकलीन. तिला उतरवणार नाही."
जावई खांबाला टेकून उभे. यमू गाठोडं घेऊन निघाली. हात काड्यांसारखे झालेत.
सेनगावच्या अलीकडं लिंबाखाली थांबून गज पाहिला. उतरलंय, पण थोडंच. जीव भांड्यात पडला. ओतत होतो तेवढ्यात मागून यमू, "दादा, गाडी ठीक झाली म्हंजे मला इकडंच आणून सोडसाल ना तुमी?"
"ते तुझं घर आहे बाई."
"कालपरयंत नदीहून पाणी भरून राहिले मी. पाय घसरला. कोणालाच सांगितलं न्हाई."
तेल बरंचसं बाहेर सांडलं.
दिवे लागायच्या आत घरी. सौ.नं तिला नुसतं धरून ठेवलं.

२ फेब्रु.
यमूला मुलगी झाली. दोघी सुखरूप. सौ. आज बऱ्याच दिवसांनी पाय पसरून निजली.

११ फेब्रु.
जावई आले. लेकरू मांडीवर घेतलं, घाबरत घाबरत. माणूस वाईट नाही. निघताना म्हणाले, "आई म्हणते, सव्वा महिना झाला की मोटारनंच पाठवा. मोटार लई चांगली आहे म्हणते."
"काहून हो, आताच काय घाई?" सौ. म्हणाली.
त्यांनी चपला पायात सरकवल्या. यमूनं भिंतीकडं तोंड केलं.

२८ फेब्रु.
यमूला इथंच ठेवण्याबद्दल सौ.शी बोललो. ती म्हणते लोक नावं ठेवतील. मग म्हणते, ठेवू द्या. मग रडते. मला दोन्ही पटतं.

९ मार्च
परवा इंजन उतरवलं. आज नांदेडहून सील आलं. दत्तू खूश, हात धुऊन तयार. "दाजी, आठवड्यात गाडी चालू करतो. साखऱ्याला कधी जायचंय?"
मोरीत यमू लेकराला न्हाऊ घालत होती. पाण्याचा आवाज थांबला.
सील हातात घेऊन पाहिलं. नवंकोरं, चांगलं आहे. म्हटलं, "घाई न्हाई. आता उतरवलंच आहे त सगळंच खोल. पिस्टनपण पाहून घेऊ."
दत्तूनं एकदा मोरीकडं पाहिलं. मग पाना घेऊन खाली बसला.