शेंदऱ्यानंतर

हडपसर, पुणे
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

चि. विश्वजीत यास आण्णांचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. गुडघा दुखतो, पण त्याची तक्रार ऐकायला आता तुझी आई नाही, म्हणून तक्रारही बंद केली आहे. नागपुरात थंडी पडली असेल. फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू ‘हं’, ‘बरं’, ‘ठेवू का’ एवढं बोलतोस आणि मी त्याहून कमी. कागद मध्येच ‘ठेवू का’ म्हणत नाही.

बातमी अशी की मी साप पाळला आहे.

हो, तुझ्या बापानेच. तुझा शेंदऱ्या या घरात होता तेव्हा ज्याने वर्षभर त्या खोलीचा उंबरा ओलांडला नाही, त्याने. तुझा मित्र आयुष बंगळूरला नोकरीला चालला आहे आणि तिथला घरमालक सापाला जागा देत नाही. त्याच्याकडचा एक कॉर्न स्नेक मी आणला. शेंदऱ्याच्याच जातीचा, बिनविषारी, तीन फूट भरेल. वनखात्याच्या संकेतस्थळावर माझ्या नावाची नोंद आयुषनेच करून दिली, तेव्हा सगळं रीतसर आहे. त्याचं नाव पॉपकॉर्न आहे. या वयात घरात अशी हाक मारायला लाज वाटते, पण त्याला ऐकू येत नाही म्हणून निभावतंय.

डबा तुझ्या खोलीत, तुझ्याच टेबलावर ठेवला. पहिल्या दिवशी मी जेवणाचं ताट घेऊन बाहेरच्या खोलीत बसलो आणि तुझ्या खोलीच्या दारावर नजर ठेवून जेवलो. काय जेवलो ते आठवत नाही. आयुषने बजावलं होतं, ‘काका, एक आठवडा हात लावायचा नाही, फक्त पाणी बदलायचं.’ म्हणजे तो मलाच सवलत देत होता. पाणी बदलायला मी कंपनीतले वेल्डिंगचे हातमोजे घातले, कोपरापर्यंत येणारे, आणि वाटी सांडशीने उचलली. त्याने शेपटी थरथरवली. मी सांडशी टाकून दाराबाहेर. तिथूनच त्याला म्हटलं, अरे, तुझंच पाणी आहे.

तुला माहीत आहे, संभाजीदादा माझ्यासमोर गेला. उसात घोणस चावली तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि मी आठ. तेव्हापासून साप दिसला की माझा हात आधी चालतो, डोकं मागून येतं. उसाची जमीन गेली, तिथे इमारती आल्या, पण ही खोड गेली नाही. आता सहासष्टाव्या वर्षी ती घालवायची म्हणतो आहे. कशासाठी, ते विचारू नकोस.

दिवाळीत ऋतुजाचा फोन आला होता. बराच वेळ बोलली. बाळ मान धरतंय म्हणाली. समर्थला माझ्या वतीने जवळ घे.

तुझे,
आण्णा


हडपसर, पुणे
रविवार, ३० नोव्हेंबर २०२५

चि. विश्वजीत यास आशीर्वाद.

दोन पानी पत्राला तीन ओळींचा मेसेज आला, तरी आला हे खूप झालं. ‘आण्णा, झाकणाच्या दोन्ही क्लिपा झोपण्याआधी तपासत जा. एकदा नाही, दोनदा. माझ्यासारखं करू नका.’ मी तो वाचला आणि फोन उपडा ठेवून दिला. संध्याकाळी पुन्हा वाचला.

क्लिपा तपासतो. काळजी करू नकोस.

पॉपकॉर्नची खबर सांगतो. आयुष रविवारी व्हिडिओवर माझी शिकवणी घेतो आणि मी नापास होतो. ‘काका, वरून हात नेऊ नका, त्याला घार आल्यासारखं वाटतं. बाजूने न्या, पोटाखालून उचला.’ मी बाजूने नेतो, तो जरा हलतो, मी हात काढून घेतो. असं एका दिवशी चौदा वेळा झालं. शेवटी साप कंटाळून झोपला. मग आयुषने सांगितलं की माझा वापरलेला रुमाल डब्यात ठेवायचा, म्हणजे वास ओळखीचा होतो. आणि हात घालण्याआधी कागदाच्या सुरळीने अंगाला हलकेच स्पर्श करायचा, म्हणजे हे जेवण नाही, माणूस आहे हे त्याला कळतं.

जेवणाचं म्हणशील तर त्याचे उंदीर आपल्या फ्रीझरमध्ये आहेत. जिथे तुझी आई सोललेले मटार ठेवायची तिथे. समोरच्या सुंदराबाई परवा बर्फ मागायला आल्या. मी म्हटलं, फ्रीज तुमचाच समजा, घ्या हाताने. त्यांनी बर्फ नेला नाही आणि तेव्हापासून जिन्यात भेटल्या तर माझ्याशी बोलत नाहीत.

मागच्या गुरुवारी मोजे काढून पहिल्यांदा उचलला. सात सेकंद. बुळबुळीत असेल असं मला जन्मभर वाटत होतं. कोरडा असतो रे. नव्या रेक्झिनसारखा कोरडा आणि थोडा गार. काल तो माझ्या सदऱ्याच्या बाहीत शिरला आणि बाहेर येईना. तेवढ्यात गॅसवाला दशरथ सिलिंडर घेऊन दारात. मी हात आडवा धरून उभा. तो म्हणाला, ‘काका, हात मोडला का?’ मी म्हटलं, होय.

हे लिहिताना हसू आलं. घरात एकटा हसलो की विचित्र वाटतं.

आता एक विचारतो. समर्थच्या बारशाला तू बोलावलंस म्हणून मी सप्टेंबरात नागपूरला आलो होतो. दोन दिवस राहिलो. त्यात तू बाळाला एकदाही घेतलं नाहीस. मला वाटलं, माझ्यासमोर संकोच करतोस, आपल्यात बापाने पोराला आजोबांसमोर घ्यायचं नाही असं जुन्या लोकांत होतंच. पण दिवाळीच्या फोनवर ऋतुजाने वेगळं सांगितलं. तू बाळाला कधीच एकटा घेत नाहीस म्हणाली. ती शेजारी बसली असेल तरच, तेही मिनिटभर. गॅस, कडी, नळ चार-चारदा पाहतोस, अर्ध्या वाटेवरून गाडी वळवून कुलूप बघायला येतोस. ती रागावली तेव्हा तू तिला शेंदऱ्याची गोष्ट सांगितलीस. म्हणालास, माझ्याकडून एक क्लिप उघडी राहिली आणि तो जीव गेला, आण्णा तेव्हा बोलले ते बरोबर होतं, माझ्या हाती काही सोपवू नये.

मी तिला म्हटलं, असतो एकेकाचा स्वभाव. असं म्हणून फोन ठेवला.

बाकी ठीक.

आण्णा


हडपसर, पुणे
बुधवार, १७ डिसेंबर २०२५

चि. विश्वजीत,

वर ‘आशीर्वाद’ लिहून खोडला आहे, दिसेल तुला. पत्र वाचून झाल्यावर घ्यावासा वाटला तर घे.

काल सकाळी मी डब्यात हात ठेवला. मोजे नाहीत, सुरळी नाही. तळहात वर करून नुसता ठेवला आणि थांबलो. आता भीती फारशी वाटत नाही. पॉपकॉर्न कोपऱ्यातून निघाला, जीभ लावत लावत बोटांपर्यंत आला, अंगठ्याखालून वर चढला आणि मनगटाला वेढा घालून तिथेच राहिला. मी त्याला उचललं नव्हतं. तो आपणहून आला. मला इतका आनंद झाला की मी दुसऱ्या हाताने आयुषला फोन लावला आणि विचारलं, हा असा कसा आला? आयुष म्हणाला, ‘काका, तो माणसांच्या हातातच वाढलाय. त्याच्यासाठी हात म्हणजे ऊब. आपल्यापासून पळायचं असतं हे त्याला माहीतच नाही.’

मी फोन ठेवला. साप मनगटावरच होता. मी तुझ्या पलंगावर बसलो आणि रडलो. तुझ्या आईच्या वेळीही इतका रडलो नव्हतो.

विश्वजीत, शेंदऱ्या पळाला नव्हता. मी त्याला मारलं.

११ एप्रिल २०१९, गुरुवार. त्याच्या आधीच्या रविवारी सासवडची मंडळी तुला बघायला आली होती. घर दाखवताना मुलीच्या भावाने तुझ्या खोलीचं दार उघडलं आणि चहा न घेता सगळे उठले. चपला घालताना त्यांच्यातले मामा मला म्हणाले, ‘पोरगं गारुडी हाय का तुमचं?’ ते गावभर झालं. तीन दिवस मी ते डोक्यात घोळवलं. गुरुवारी तू ऑफिसला गेलास, तुझी आई भजनाला गेली, तेव्हा मी ठरवलं की साप उशीच्या अभ्र्यात घालायचा, कात्रजच्या सर्पोद्यानात देऊन यायचा आणि संध्याकाळी तुला सांगून टाकायचं.

झाकण लागलेलं होतं. दोन्ही क्लिपा घट्ट होत्या. त्या मी काढल्या.

अभ्रा धरून हात आत घातला तसा तो माझ्या हाताकडे आला. मी घाबरून मागे झालो. तो डब्याच्या काठावरून उतरला आणि फरशीवरून पुन्हा माझ्याकडेच यायला लागला. दाराशी फरशी पुसायची काठी होती. किती वेळा मारली ते आठवत नाही. तो एकदाही दुसरीकडे वळला नाही. साडेसहा वर्षं मी स्वतःला सांगत आलो की तो अंगावर आला म्हणून मारला. काल मनगटावरचा हा पाहिला आणि तो माझ्याकडे कशाला येत होता ते कळलं.

संभाजीदादाचं नाव पुढे करावं असं फार वाटतं. करणार नाही. तो घोणस नाही, तुझा शेंदऱ्या आहे, हे काठी उचलताना मला माहीत होतं. भीती होती, पण तेवढीच नव्हती. त्या मामांचा राग मी त्याच्यावर काढला.

आपल्यात चुकून साप मारला तरी त्याला जाळतात, तोंडात तांब्याचा पैसा ठेवतात. मी तेवढंही केलं नाही. कागदात गुंडाळून कचराकुंडीत टाकून आलो. फरशी पुसली. मग डब्याचं झाकण पुन्हा ठेवलं, एक क्लिप लावली आणि एक मुद्दाम उघडी ठेवली. संध्याकाळी तू आलास आणि ती उघडी क्लिप पाहून कपाळाला हात लावलास. तेव्हा सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

पुढचे अकरा दिवस तू शोधत होतास. कपाटं सरकवलीस, न्हाणीघराची जाळी काढलीस, कोमट पाण्याच्या बाटल्या कोपऱ्याकोपऱ्यात ठेवल्यास. दारांशी गव्हाचं पीठ पसरायचास, माग उमटेल म्हणून. आणि मी तुझ्यासोबत बॅटरी धरून वाकून बघायचो. पलंगाखाली, माळ्यावर, जिन्याखाली. ‘इथे बघ, इथे राहिलं’ असंही म्हणायचो. बाराव्या दिवशी तू ताटावरून उठलास, तेव्हा माझ्याच मनाला टोचणी लागली होती म्हणून मी तुझ्यावर ओरडलो, ‘एक झाकण नीट लावता येत नाही, संसार काय करणार आहेस?’ तू खाली मान घालून ‘खरंय’ म्हणालास. पुढच्या महिन्यात नागपूरची बदली मागून घेतलीस.

तुझ्या आईला कळलं होतं. काठी तिनेच धुतली. तिने तुला सांगितलं नाही. मला म्हणाली, ‘म्या न्हाई सांगायची. तुमच्या तोंडानं जाऊ द्या.’ शेवटच्या आजारातही दोनदा म्हणाली, ‘त्या पोराला सांगा वो.’ मी हो म्हटलं. मग तिच्या दहाव्याला तू डोकं भादरून माझ्यासमोर बसला होतास, आपण दोघेच होतो, तरी मी गप्प राहिलो.

दिवाळीत ऋतुजाचा फोन आला आणि चार दिवसांनी मीच कात्रजला आयुषच्या घरी गेलो. त्याने गळ घातली नव्हती, मी मागून आणला. भीती मोडायची, सांभाळायला शिकायचं आणि एक दिवस नागपूरला येऊन तो तुझ्या हातात द्यायचा, म्हणजे काही न सांगता मिटून जाईल, असा माझा बेत होता. आजवर मी असेच बेत केले. तो हाताशी आला नसता तर हाही पार पाडला असता.

माफ कर असं म्हणत नाही. फोन केला नाहीस तरी चालेल. समर्थला माझ्यापुढे आणायचं नाही असं ठरवलंस तर तुझं बरोबर असेल आणि मी ऋतुजाकडे गाऱ्हाणं नेणार नाही. पॉपकॉर्नला मी नीट सांभाळीन, त्याची चिंता करू नकोस.

मात्र हे पत्र खाली ठेवलंस की आत जा आणि बाळाला उचल. ऋतुजाला हे वाचायला दे, मग तिला बाहेर जाऊ दे, तासभर, दोन तास. तू एकटा घे त्याला. तुझ्या हातून काहीही निसटलं नव्हतं. तू झाकण नीट लावून गेला होतास, रोज लावायचास तसंच.

इथे ‘लोभ असावा’ असं लिहायची रीत आहे. ते लिहायला हात धजत नाही. नुसतं कळावे.

आण्णा