उभ्याने उतरलेली शारकुल

प्रिय एर्मेक,

पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. "आपा, तू आत्ता चिडली आहेस, नंतर बोलू," असं स्वतःच्या आईला म्हणून तू फोन ठेवलास. मी अजूनही चिडलेलीच आहे, फक्त आता तुला मला मध्येच तोडता येणार नाही. हा फ्लॅट मी सोडते आहे म्हटल्यावर तू विचारलंस, "एका लिफ्टसाठी?" होय, एका लिफ्टसाठी. आता नीट वाच.

शारकुल झोपेत गेली. त्याबद्दल माझी तक्रार नाही, असं मरण सगळ्यांना मिळो. तक्रार आहे ती त्यानंतरची. तू नकाशा काढलेल्या या इमारतीत ती आली तुझ्या शब्दाखातर. कॉलेजपासूनची माझी मैत्रीण, तुला कडेवर घेऊन फिरलेली. तू तिला म्हणालास, "शारकुल मावशी, शहरातल्या सगळ्यात उंच इमारतीत राहायला या, आपाला सोबत होईल." आली बिचारी. विसाव्या मजल्यावर तिचं दार आणि माझं दार समोरासमोर. पहिल्याच दिवशी खिडकीतून खाली बघून म्हणाली, "नुरिपा, इथून स्वर्ग जवळ आणि पावाचं दुकान लांब." तुझे वडील इतके हसले की त्यांना ठसका लागला. आमच्या तरुणपणी या गावात भूकंपाच्या भीतीने कुणी नऊ मजल्यांच्या वर बांधत नसे. तू ती भीती घालवलीस, असं पेपरात छापून आलं तेव्हा ते कात्रण फ्रिजवर मीच लावलं होतं. मला उंचीचा राग नाही, एर्मेक. मी बत्तीस वर्षं पोरांना भूमिती शिकवली आहे, उंच आणि सरळ गोष्टी मला आवडतात.

पहाटे तिच्या साग्यनने माझं दार वाजवलं. मी जाऊन त्याच्या आईचे डोळे मिटले, हनुवटी बांधली. मग तो खाली व्यवस्थापकाकडे गेला, अंगणात लोकरी नमद्याचा तंबू कुठे उभारायचा ते विचारायला. परवानगी मागायला नव्हे, नुसती जागा विचारायला. आपल्यात कुणी परवानगी मागतं का? माणूस गेलं की दारात तंबू उभा राहतो, ते माणूस त्यात निजतं, बायका आत बसून आक्रोशाची गाणी म्हणतात, बाप्ये बाहेर उभे राहून रडतात, आणि शेजारी आपापली घरं उघडून पाहुण्यांना जेवू घालतात. मेलिस, तो व्यवस्थापक, मला म्हणतो, "एजे, नियम आहे हो. तंबू नाही, चूल नाही, कढई नाही. इथे परदेशी लोक राहतात, पोरं घाबरतात." वर मला एजे म्हणतो, थोरली बहीण! मी म्हटलं, "मेलिस, तुझी आई गेली तेव्हा तिला कुठे ठेवलीस? गाड्यांच्या तळघरात?" तर तो म्हणाला, "शहराबाहेर एक हॉल मिळतो भाड्याने. खुर्च्या असतात." खुर्च्या! मी विचारलं, "शारकुल बसेल का रे त्या खुर्चीवर?"

इकडे नारिनहून तिचे भाऊ निघाले होते. डोंगरातला रस्ता, संध्याकाळपर्यंत पोहोचणार. बहिणीला ते कुठे भेटणार होते? शेवटी साग्यन म्हणाला, "मावशी, जुन्या वस्तीत नेऊ या." मी बात्माला फोन केला. आपल्या जुन्या चार मजली इमारतीच्या तळमजल्यावरची बात्मा, जिच्या काचा तू चेंडूने फोडायचास. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ती म्हणाली, "आणा. अंगण झाडून ठेवते."

आता लिफ्टचं. शारकुलला गादीवर घालून चौघांनी उचललं. लिफ्टमध्ये गादी मावेना. जिन्याकडे गेले, तर पहिल्याच वळणावर गादी अडली. पुढच्याला मागे सरता येईना आणि मागच्याला पुढे येता येईना. तो जिना तू आगीसाठी काढला आहेस, पळणाऱ्या माणसांसाठी. निजलेल्या माणसासाठी या वीस-बावीस मजल्यांत तू कुठेच वाट ठेवली नाहीस. नाही, चुकले. ठेवली होतीस. आपल्याच जेवणाच्या टेबलावर तू पहिला नकाशा पसरला होतास आणि त्यात मोठी लिफ्ट होती. मग मालक म्हणाला की ती वगळली तर प्रत्येक मजल्यावर एक खोली जास्त निघते. तू हसत हसत सांगितलं होतंस, "आपा, एक रेघ पुसली आणि साहेब खूश."

ती रेघ पुसलीस म्हणून शारकुल उभ्याने उतरली.

साग्यनने एका बाजूने धरलं, त्याच्या चुलतभावाने दुसऱ्या. डोक्याला रुमाल, अंगावर तिचा हिवाळ्यातला कोट. बटण मी दाबलं. तीन बाजूंना आरसे. आपण मयताच्या घरातले आरसे झाकतो आणि तुझ्या लिफ्टला तर भिंतीच आरशांच्या. एकावर मी माझी शाल धरली, उरलेल्या दोहोंत साग्यनला आपली आई दिसत राहिली, मान कलंडलेली. आणि मध्येच कुठल्याशा मजल्यावर दार उघडलं. एक तरुण मुलगा आत आला, कानाला फोन. चांगल्या घरचा असावा, कारण वडीलधारी बाई दिसताच त्याने फोन खाली घेतला, छातीवर हात ठेवला आणि शारकुलला सलाम केला. ती उत्तर देईना म्हणून त्याने वर पाहिलं. खाली पोहोचेपर्यंत तो पोरगा भिंतीला चिकटून उभा होता. साग्यन त्याला म्हणाला, "माफ कर भाऊ." साग्यनने माफी मागितली, एर्मेक! स्वतःच्या आईला घरातून नेतो म्हणून.

जुन्या अंगणात पोहोचलो तेव्हा तंबूच्या काठ्या उभ्या राहत होत्या, वरून नमदे चढत होते. गाड्या लोकांनी आपणहून हलवल्या होत्या. प्रत्येक जिन्यातून बोरसोकचे कणकेचे तुकडे तळल्याचा वास येत होता. जी बिऱ्हाडं नवी आहेत, ज्यांनी शारकुलला कधी पाहिलंही नव्हतं, त्यांनीही मटण शिजत घातलं. एक म्हातारा काठी टेकत माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "काय हो बाई, एवढ्या मोठ्या घरात एका मेलेल्या माणसाला जागा नव्हती?" तुझं नाव मी सांगितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच, कुणी त्या इमारतीचा विषय काढला आणि मी तुझं नाव घेतलं नाही.

तू फोनवर म्हणालास की नियमात मोठी लिफ्ट सक्तीची नाही. नसेल. अस्ताना शहरात तू आता याहून उंच टॉवर बांधतो आहेस, तिथल्या नकाशात ती आहे की नाही, एवढंच मला कळव. आणि नसेल तर ज्या रेघा पुसल्या त्या परत काढ. साहेब नाराज होऊ दे. साहेबालाही आई असेल.

आता जे फोनवर सांगायचं राहिलं ते. तुझ्या वडिलांनी मला बजावलं होतं की पोराचं काम पुरं होईपर्यंत त्याला काही कळवू नकोस. मी ऐकलं, पण आता ऐकणार नाही. तो ठसका हसण्याचा नव्हता. डॉक्टर म्हणतात, बर्फ पडेपर्यंत, फार तर मार्चातल्या नवरोजपर्यंत. जेवण सुटलंय, दिवसभर खिडकीशी बसून डोंगराकडे बघतात. शारकुलला नेलं तेव्हा ते आमच्या दारात उभे होते आणि त्यांनी सगळं पाहिलं. संध्याकाळी मला म्हणाले, "नुरिपा, मला असं नेऊ नकोस." बात्माच्या शेजारच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या मी घेतल्या आहेत. येत्या शनिवारी, पाय चालताहेत तोवर, मी त्यांना खाली नेणार. ते लिफ्टमध्ये उभे राहतील ते जिवंत माणूस उभा राहतो तसे, माझ्या खांद्यावर हात ठेवून. दुसरा खांदा तुझा हवा. शुक्रवारी रात्रीपर्यंत पोहोच. आणि त्यांच्यासमोर रडायचं नाही. रडायला तुला पुढे तंबूबाहेर सगळ्यांच्या आधीची जागा आहे.

तुझ्यावर रागावलेली, तरीही तुझीच,
आपा