आतमपोकाच्या भिंतीवरचं ऊन

१२ जानेवारी

सगळ्यांत आधी आली पाद्र्याची बायको. तिला कुणी बोलावलं होतं कोण जाणे! मग मोटारसायकलवरून आविने मास्तर, डोक्यापासून बुटांपर्यंत धुळीने पांढरे. (बूट मात्र छान आहेत त्यांचे. मोठ्या माणसांच्या वर्गात मला अक्षरं शिकवली तेव्हापासून तेच घालतात.) आणि त्यांच्यामागे जीपमधून राजधानीचे दोन पाहुणे, एक बाई आणि एक चष्मेवाला. संग्रहालयातले म्हणे.

मी केवढी धावपळ केली! बाकडं काढलं, बाजरीचं पीठ पाण्यात कालवून प्यायला दिलं. गिनी कोंबड्या मधेमधे येत होत्या, त्यांना हाकललं. आणि पाहुणे आले होते कुणाकडे? माझ्या सवतीकडे. आतमपोकाच्या भिंतीकडे!

बाई भिंतीसमोर उभी राहिली ती हलेचना. दाराच्या दोन्ही बाजूंना अजगर, मध्ये फुटक्या भोपळ्याच्या खापऱ्यांची नक्षी, काळी-तांबडी-पांढरी. म्हणाली, "हे कुणी केलं?"

आतमपोका म्हणाली, "मी."

मी! एक अक्षर, आणि संपलं. माती तालाताने तुडवली, म्हणजे माझ्या सुनेने. शेण आणलं चौघींनी. नदीतला दगड घेऊन तीन दिवस ती भिंत घोटली कुणी? माझे तळवे अजून दुखतात. शेंगांचा काढा उकळून वरून फासला कुणी? चकाकी नसेल तर ऊन बसणार कुठे त्या चित्रावर?

चष्मेवाल्याने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "या कोण?"

"ती थोरली," आतमपोका म्हणाली. शेळ्यांचा गोठा दाखवावा तसं.

१३ जानेवारी

कुणी वाचणार नाही म्हणून लिहिते. लामिसी वाचेल कदाचित, माझी नात, पण ती माझ्या अक्षराला हसण्यातच दमते. लबाड आहे! काल म्हणाली, "आजी, तुझा प्रत्येक शब्द लंगडतोय." हसून हसून माझ्या पोटात दुखलं.

तर हे असं. रोज सकाळी मी आंबिलीचा वाडगा घेऊन आतमपोकाच्या खोलीसमोर बसते. सगळ्यांना वाटतं, थोरली धाकटीवर लक्ष ठेवते. ठेवते तर ठेवते. पण खरं म्हणजे सूर्य तिच्याच भिंतीवर उगवतो. आधी अजगराचं डोकं उजळतं, मग ऊन हळूहळू खाली उतरतं, घोटलेल्या मातीतून आतून दिवा लावल्यासारखं. तेवढा वेळ माझ्या डोक्यातली सगळी कटकट गप्प होते. गेलेली माणसं जवळ येऊन बसतात — माझी आई, आम्हा दोघींचे म्हातारे, ते माझं पहिलं बाळ. बोलत कुणी नाही. चर्चच्या घंटेनेही मला असं होत नाही, आणि वाडवडिलांच्या ओट्यावर कोंबडं कापतानाही नाही.

आणि हे सगळं तिच्याच भिंतीवर! माझी खोली मावळतीकडे तोंड करून. ऊन येतं ते दुपारचं, दमलेलं.

म्हाताऱ्यांनी खोल्या वाटल्या तेव्हा म्हणाले होते, "थोरलीला सावली, तोच थोरलीचा मान." मान घेऊन काय करू?

१४ जानेवारी

आज पाठ करून बसले. आंबील बेचव.

१७ जानेवारी

आविने मास्तर निरोप घेऊन आले. पाहुण्यांना भिंत फार आवडली. ते पुन्हा येणार, मोठा फोटो काढणार, आणि आतमपोकाचं नाव असलेली पाटी संग्रहालयात लावणार. फक्त यंदा भिंत नव्याने लिंपायची नाही. आहे तशी ठेवायची. कुणी हात लावायचा नाही.

"पण दरवर्षी लिंपतो की आपण!" मी म्हणाले. "नाही लिंपलं तर भिंत झडते."

"थोरले, तुला जळायला कारणच लागत नाही," आतमपोका म्हणाली. मास्तरांसमोर!

जळते. लिहिते इथे. जळते!

१९ जानेवारी

आतमपोकाने भिंतीपुढे काटेरी फांद्या रचल्या. माझी बसायची जागा गेली. दुपारी लामिसी चुकून भिंतीला टेकली तर काय ओरडली!

"पाठीचा डाग पडेल! दिसत नाही?"

"आजवर हजारदा टेकलेय मी, धाकटी आजी."

"आजवर वेगळं होतं!"

मी मध्ये पडले. म्हणाले, "भिंत काय लग्नाची नवरी आहे का, कुणी शिवायचंच नाही म्हणून?" शेजारणी खदखदल्या. मला बरं वाटलं. मग रात्रभर बरं वाटलं नाही.

२४ जानेवारी

माझी खोली लिंपायला काढली. आमच्यात एक खोली लिंपायची म्हणजे सगळ्या बायकांनी यायचं, भांडण असलं तरी. तालाता आली, शेजारच्या तिघी आल्या, पितोचं, ज्वारीच्या दारूचं मडकं आलं, गाणी आली. आतमपोकाही आली. हाताची घडी घालून उभी.

यंदा रेघा लामिसीकडे दिल्या. कोंबडीच्या पिसाने काढत होती, जीभ बाहेर काढून. वाकड्या! माझ्या अक्षरांसारख्या. गाय काढली तिला पाच पाय आले.

"पाचवा पाय कशाला ग?" मी विचारलं.

"चालतेय ना ती, आजी."

काय आनंद झाला मला! इतका की हात मातीचे आहेत हे विसरून तिचे गाल धरले.

आतमपोकाला राहवेना. "त्रिकोणाचं टोक खाली घे, पोरी," म्हणाली. पुढे आली, बोट बुडवलं, आणि मग थांबली. बोट कापडाला पुसून निघून गेली. तिचीही बोटं शिवशिवत होती, दिसलं मला. मला गंमत वाटली. वाटायला नको होती.

२८ जानेवारी

चार दिवस दुपारी माझ्या नव्या भिंतीसमोर बसून पाहिलं. छान आहे. पाच पायांची गाय बघून हसू येतं. पण माणसं येत नाहीत. आई नाही, बाळ नाही.

म्हणजे माझं सुख तिच्याच भिंतीत आहे, आणि तिने त्याला काटे लावलेत.

३ फेब्रुवारी

आज बोलून बसले. पाणी भरताना ती म्हणाली, "वरच्या बाजूला चीर गेलीय. कुणाला सांगू नकोस. त्या पाहुण्या बाईला वाईट वाटेल."

मी म्हणाले, "बाईचं जाऊ दे. तू शेवटची कधी बसलीस भिंतीसमोर?"

"बसतेच की रोज. राखण करते."

"राखण करतेस. बसत नाहीस. ती भिंत मेलीय, आतमपोका. सकाळी ऊन येतं आणि रिकाम्या हाताने परत जातं. फांद्यांच्या फटीतून बघते मी. त्यापेक्षा माझी पाचपायी गाय बरी."

मला तिला दुखवायचं होतं. दुखवलं. तिने घडा डोक्यावर घेतला, भरायचाही राहिला होता अर्धा. तशीच घराकडे निघाली.

४ फेब्रुवारी

दिवसभर तिच्या खोलीचं दार बंद. तालाता म्हणते, "आई, तुम्ही काय बोललात?" मी म्हणाले, भिंतीबद्दल. खोटं नाही.

मास्तर सांगून गेले: पाहुणे सहा तारखेला येणार, बाजाराच्या दिवशी. सोबत मोठे साहेबही.

५ फेब्रुवारी

पहाटे वाडगा घेऊन बाहेर आले. काटे नाहीत. भिंतीवर अजगर नाही, नक्षी नाही, काही नाही. सगळी खरवडलेली, ओली, तांबडी. आतमपोका कोपरापर्यंत मातीत. म्हणाली, "वाडगा ठेव तिकडे. एकटीने सुकायच्या आत होत नाही हे." पाहुणे उद्या येतील.