पाय न हलवता

स्वालबार्ड, ८ नोव्हेंबर

ती. सौ. कुसुमआत्यास,
रेवतीचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या हट्टाप्रमाणे कागदावर लिहिते आहे. इथे मोबाईल लावायलाच बंदी आहे, यंत्रांना त्याचा त्रास होतो, म्हणून तुझं आयतंच फावलं. संगणकावरून मेल जातो, पण तो आतोबा आधी छापणार, मग फाईलला लावणार आणि मग तुला वाचायला देणार. त्यापेक्षा हे बरं.

इथे उत्तर ध्रुवाजवळ सूर्य गेल्या महिन्यातच मावळला, तो आता फेब्रुवारी सरता सरता उगवेल. भर दुपारी आकाश पिकल्या जांभळासारखं दिसतं आणि पाचेक मिनिटं बघत राहिलं की आपण जागे आहोत की नाही तेच कळेनासं होतं. मी बर्फ गोळा करते आणि त्यातली काजळी मोजते. त्यात तुमच्या दिल्लीची किती, हे अजून कळलेलं नाही असं आतोबांना सांग.

तू अस्वलांबद्दल विचारलं होतंस. पांढरं अस्वल मुळात पांढरं नसतं. कातडी काळी आणि केस बिनरंगाचे, काचेसारखे. ते गोठलेल्या समुद्रावर हिंडतं. बर्फाखाली सील असतो, पण त्यालाही श्वास घ्यायला वर यावंच लागतं, म्हणून तो नखांनी खरवडून बर्फात भोकं उघडी राखतो. अस्वल वासावरून असं एखादं भोक हुडकतं आणि त्याच्या काठाशी बसून राहतं. तासन्‌तास, पाय न हलवता. एक पाऊल वाजलं तरी ते खाली पाण्यात ऐकू जातं, आणि सील दुसऱ्या भोकाकडे निघून जातो. बहुतेक वेळा अस्वल उपाशीच परततं. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसतं.

तुझा नीरज दिवाळीला घरी आला होता का? तुझ्या मागच्या पत्रात त्याचा उल्लेखच नव्हता. सगळ्यांना माझा नमस्कार सांग आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
रेवती

---

गाझियाबाद, ३ डिसेंबर

चि. रेवतीस,
आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं, मग तुझ्या आतोबांना वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि बंदूक कोणाकडे असते एवढंच विचारलं.

इकडे धुकं सुरू झालं आहे. नवव्या मजल्यावरून सकाळी खालचं काही दिसत नाही, ना रस्ता ना गाड्या. नुसता पांढरा सपाट समुद्र आणि त्यात समोरच्या टॉवरांचे माथे बुडालेले. चहाचा कप घेऊन मी बाल्कनीत उभी राहते आणि तू सांगितलेल्या त्या बर्फावर मनानेच चालून येते.

नीरजचं विचारलंस. तीन प्रयत्न झाल्यावर त्याने स्पर्धा परीक्षेचा नाद सोडला आणि मानेसरला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात नोकरी धरली, एवढं तुला ठाऊक आहेच. आतोबांना अजून एक प्रयत्न हवा होता. दिवाळीत पाडव्याला तो आला, पण घरात नाही, सोसायटीच्या गेटपर्यंत. त्याचा फोन नंबर बदललेला, म्हणून गेटवरच्या यादीत तो सापडेना, आणि गार्डही नवा. गार्डने इंटरकॉमवर कळवलं की नीरज नावाचे मेहमान आले आहेत. आतोबांना ऑफिसातली जुनी खोड. त्यांनी गार्डला विचारायला सांगितलं, कि किस काम से आए हैं. गंमत म्हणूनच बरं का. पस्तीस वर्षं कृषी भवनात येणाऱ्याजाणाऱ्याला हाच प्रश्न विचारला त्यांनी. पण गार्डने तो जसाच्या तसा त्याला विचारला. नीरज म्हणाला काही काम नाही, आणि तिथूनच परत गेला. मिठाईचा डबा गार्डकडे ठेवून गेला. मी खाली पोचले तोवर त्याची ऑटो निघून गेलेली.

आतोबांनी तो डबा उघडला नाही आणि मलाही उघडू दिला नाही. दोघांना एकमेकांवाचून करमत नाही, आणि दोघेही कबूल करणार नाहीत. नीरज कधी फोन करतो, तेव्हा हे शेजारूनच परीक्षेच्या फॉर्मची तारीख विचारायला लागतात आणि पलीकडे सगळं शांत होतं. तुझं पत्र वाचून माझ्या लक्षात आलं, हेच ते पाय वाजणं. आता मीच अस्वल होऊन बसणार आहे. फोन आला की हूं का चूं करणार नाही. बघू सील वर येतो का.

कानटोपी घालत जा. पत्राला उशीर करू नकोस.

तुझी,
आत्या

---

स्वालबार्ड, २६ डिसेंबर

ती. सौ. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

अगं आत्या, भोकाशी बसलेलं अस्वल सीलला खातं! एवढं लक्षात घे आणि मगच अस्वल हो. तुझ्या शांत बसण्यातूनही नीरजला दात दिसत असतील, तर तो कशाला वर येईल?

तुला न सांगण्यासारखी गोष्ट आता सांगते, कारण ती संपली आहे. गेल्या आठवड्यात मी कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात यंत्राच्या झोपडीकडून परत येत होते. अचानक कुत्री भुंकायला लागली. दूर कोणीतरी ओरडलं आणि लाल फटाका आकाशात फुटला. त्या लाल उजेडात मला ते दिसलं. ते माझ्याकडे धावत नव्हतं. मान खाली घालून, पायात मोजे घातल्यासारखं आवाज न करता चाललं होतं. कोवळं होतं. आई अडीच वर्षं पिल्लांना शिकार शिकवते आणि मग त्यांना आपल्यापासून तोडते. ही तरुण अस्वलं सुरुवातीला फार चुकतात. भोक सापडतं पण धीर धरवत नाही. मग भुकेली ती वास येईल तिकडे भटकतात. हे आमच्या स्वयंपाकघराच्या वासावर आलं असणार. मला आधी भीती वाटलीच नाही, त्याची कीवच आली. भीती नंतर आली, आणि ती चांगली दणकून आली.

जवळचं जे दार दिसलं ते ढकलून मी आत शिरले. आत्या, इथे दाराला कोणी कुलूप लावत नाही, कडी घालत नाही. कधी कोणाच्या मागे अस्वल लागेल सांगता येत नाही, म्हणून रीतच आहे तशी. आत दोन अनोळखी माणसं जेवत बसली होती. तू कोण, कुठली, का आलीस, काही विचारलं नाही. सरकून जागा केली आणि माझ्यापुढे सूप ठेवलं. मी रडत रडत ते प्यायले. अस्वल आणखी दोन फटाक्यांनंतर खाडीच्या बर्फावर निघून गेलं.

आतोबांना यातलं अर्धंच सांग. घरच्या सगळ्यांची आठवण येते, ती तुमच्याकडेही असू द्या.

तुझी,
रेवती

---

गाझियाबाद, १४ जानेवारी

चि. रेवतीस,
संक्रांतीचे गोड आशीर्वाद.

अर्धं सांगायचं ठरवलं होतं, पण वाचता वाचता मी मधेच थांबले, तेव्हा आतोबांनी पत्र हातातून घेऊन पुढचं स्वतःच वाचलं. मग त्या सूप देणाऱ्यांची नावं काय, असं विचारलं. तुला ठाऊक असतील तर कळव.

काल पहाटे एक स्वप्न पडलं. धुकं गोठून टणक झालं होतं आणि त्यावरून ते तुझं कोवळं अस्वल चालत आलं, हिंडन नदी ओलांडून, मेट्रोच्या पुलावरून, थेट आमच्या बाल्कनीशी. मान लांब करून वास घेत होतं. मी म्हणत होते की अरे ये, आणि माझ्याने कडी निघत नव्हती. जागी झाले तेव्हा उशी ओली होती. रेवती, मला माझं पोर घरात हवं आहे. बाकी त्याने काय व्हावं ते त्याचं तो बघेल.

आमच्या दाराला बाहेर जाळी, जाळीला कुलूप, आत लाकडी दार, त्याला कडी आणि वर साखळी. आजपासून सकाळी मी ते सगळं काढून ठेवणार आहे. नीरजची रात्रपाळी सकाळी सुटते. त्याला निरोप धाडला आहे, की बेल वाजवायची गरज नाही. आतोबांनी चोरांवर मोठं व्याख्यान दिलं. दिल्लीकडचे चोर अस्वलांपेक्षा हुशार आहेत म्हणे.

तिळगूळ इथून पाठवला तर तुझ्यापर्यंत पोचताना दगड होईल, तेव्हा मनानेच घे. अशीच लिहीत राहा.

तुझी,
आत्या

---

गाझियाबाद, ८ फेब्रुवारी

चि. रेवती हीस,
विनायकचे आशीर्वाद.

तुझ्या आत्याचा हात मोकळा नाही, ती ओट्याशी उभी आहे. म्हणून हे पत्र माझ्याकडून, जमेल तसं.

तिचा समज आहे की दार ती उघडं ठेवते. पहिले चार दिवस तिने ठेवलं. मग थंडी वाढली, बंद दार अंगवळणी पडलेलं, आणि ती उघडायचं विसरायला लागली. मी दूध घ्यायला पहाटे उठतो. रोज साखळी, कडी, कुलूप मीच काढत होतो. हे तिला कळवू नये. खाली गेटवर जाऊन नीरजचं नाव पाहुण्यांतून काढून घरच्या माणसांत घालून घेतलं. गार्डला समजावलं, कि इनसे कुछ पूछना नहीं, घर के हैं. त्याला मी तीनदा सांगितल्याने तो थोडा घाबरला असावा.

आज रविवार. धुकं इतकं होतं की समोरचा टॉवर नव्हताच. आत्या लोणी कढवत होती आणि तुपाचा वास जिन्यापर्यंत गेला होता. मी पेपर घेऊन बसलो होतो. दार लोटल्याचा आवाज झाला. मी वर पाहिलं नाही. नीरज पाठीवरची सॅक न काढताच आत आला, थेट स्वयंपाकघरात गेला आणि बेरी माझ्यासाठी ठेव, असं आईला म्हणाला. लहानपणापासून कढल्याचा तळ खरवडून, साखर घालून तोच खायचा. आतून साखरेच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

मला विचारायचं बरंच होतं. नोकरी कशी आहे, खोली कुठे आहे, जेवतो काय, एवढा वाळला का. फॉर्मची तारीख या महिन्यात आहे, तेही ठाऊक होतं. ते सगळं तोंडाशी आलं. पण मी पेपर धरून बसलो आणि पाय हलवला नाही.

बऱ्याच वेळाने तो बाहेर आला. बशीत थोडी बेरी होती. ती माझ्यासमोर ठेवली आणि माझ्या शेजारीच बसला. मी खाल्ली. दिवाळीचा त्याचा डबा मी कपाटातून काढून आणला. मिठाई अर्थात टाकण्याजोगी झाली होती. तो हसला. मग त्याने आपणहूनच मशिनवर भाग कसे तपासतात ते सांगितलं, आणि मी ऐकलं. त्यातलं निम्मं मला कळलं नाही. तिथेच सोफ्यावर तो बुटांसकट झोपला, तो दुपारपर्यंत उठला नाही.

आता तो मानेसरला परत गेला आहे. जाताना दार नुसतं लोटून गेला. आत्या कडी घालायला उठली होती, तिला मी म्हटलं, असू दे.

तू जपून राहा. जवळ कोणतं दार आहे, ते आधी बघून ठेवत जा.

तुझा,
आतोबा